दारकाचा मासा

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, तुम्ही जानेवारीत कॅनडातल्या गोठवणाऱ्या विनिपेगला आहात. घर तापवणारी जुनी भट्टी कालच बंद पडली आहे. दारकाचे आईबाबा कोट-कानटोपी घालून स्वयंपाकघरात भांडत आहेत.

“नवी भट्टी विजेची घेतली आणि वादळात वीज गेली तर? गॅसचीच हवी!” बाबा म्हणाले.

“आणि गॅसच्या भट्टीचा पंखा काय तुझे तीर्थरूप फिरवणार?” आई म्हणाली. “तोही विजेवरच चालतो!”

दुकानदाराचा तिसरा फोन आला. “ठरलं की कळवतो,” बाबांनी सांगितलं.

सहा वर्षांच्या दारकाला काळजी होती तिच्या सोनेरी माशाची. तिने भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा वाचला: दोन अंश. फ्रिजवरचा वाचला: चार. मग तिने माशाचं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि त्याला जरा ऊब मिळावी म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं.