भिंतीवरची चाहती

आमारांतसचा हिशेब साधा होता. आणखी एकच लढत. जिंकली तर उत्तम, हरली तरी हरकत नाही. फक्त आखाड्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर यायचं. मग मालक हातात सुटकेची लाकडी तलवार देणार आणि कापुआच्या कुठल्याही रस्त्यावर तो मोकळ्या माणसासारखा थुंकू शकणार.

जिंकायची आशा त्याने सोडलीच होती. वय एकतीस, उजवा गुडघा जिना उतरताना वाजायचा. समोर येणारा पोरगा बावीसचा. पण हरलेल्या ग्लॅडिएटरला मारायचं की सोडायचं, हे खेळ भरवणारा ठरवतो, आणि त्याला तर निवडणुकीत त्याच प्रेक्षकांची मतं हवी असतात. म्हणजे प्रश्न गुडघ्याचा नव्हताच, लोकांच्या लाडाचा होता.

म्हणून खेळांच्या जाहिराती रंगवणारा ओनेसिमस तालमीत जोड्यांची नावं उतरवून घ्यायला आला, तेव्हा आमारांतसने त्याला लापशीच्या हंड्याआड ओढलं.

"चार भिंती रंगव. दर भिंतीला अर्धा दिनार."

"काय लिहू?"

"बायका माझ्यासाठी वेड्या झाल्यात."

"झाल्यात का?"

"तू लिहिलंस की होतील."

ओनेसिमस हसला. "नुसतं 'बायका' वाचून कोणी थांबत नाही, भल्या माणसा. एकच बाई हवी. मोठ्या घरातली. लोक शोधत बसले पाहिजेत."

"आणि नाव कोणाचं टाकणार?"

"नाव कशाला? खूण पुरे." त्याने कुंचला कानावर खोचला. "काल एका बागेच्या भिंतीच्या सावलीत पाव-कांदा खाल्ला. वर डाळिंबं अशी लगडलेली! लिहितो, 'आमारांतस, तुझ्याविना रात्र सरत नाही.' खाली सही, 'डाळिंबाखालची'."

"सरत नाही..." आमारांतसने शब्द चाखून पाहिले. "झकास. सहा भिंती कर."

पंधरा दिवसांत कापुआला दुसरा विषय उरला नाही. ही डाळिंबाखालची कोण, यावर न्हाणीघरात पैजा लागल्या. एका बेकरीवाल्याने डाळिंबाच्या आकाराचे पाव काढले. सरावाच्या वेळी बायका कठड्याशी गर्दी करू लागल्या. आमारांतसच्या पाठीवरून खरवडलेलं घामट तेल बाटल्यांतून विकलं जाऊ लागलं. मागणी एवढी, की तालमीचा मालक रुफियो त्यात स्वयंपाक्याचाही घाम मिसळू लागला.

अशात व्हिबियस तालमीत आला. तो नगरप्रमुखपदाला उभा होता, त्यासाठी खेळ भरवणार होता. कांद्याच्या जुडीवरही घासाघीस करणारा माणूस. हा स्वस्तातले म्हातारे उचलणार, असं रुफियोने धरून ठेवलं होतं.

"तो आमारांतस हवा," व्हिबियस म्हणाला.

रुफियोने भाव चढवायची संधी सोडली नाही. "महाग पडेल, सरकार. बायकांचा जीव आहे त्याच्यावर."

"भिंतीवर वाचलं. खरं आहे ते?"

"आता काय सांगू! बंद पालखी येते. कोणाची, ते मी विचारत नाही."

पालखी कधीच आली नव्हती.

"कधी येते?"

"बाजाराच्या दिवशी," रुफियोने ठोकून दिलं. "नवरे शेतमाल विकण्यात गुंतलेले असतात ना!"

व्हिबियस हसला नाही. "दर सांग."

"चालत परत आला तर वीस दिनार. मेला तर हजार. मग ती विक्रीच झाली की."

व्हिबियसने मान डोलावली. दरावर एक अक्षर बोलला नाही.

आमारांतसला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "हजार? तो चिक्कू? अरे, मला खरचटू नये म्हणून तो स्वतः ढाल धरील!"

लढत ठरल्यासारखीच झाली. पोरगा वेगवान होता, गुडघा नव्हता. आमारांतसने ढाल टाकली, वाळूत बसला आणि शरणागतीचं बोट वर केलं.

"सोडा! सोडा!" बारा हजार गळे ओरडले. वरच्या रांगांतून बायकांनी डाळिंबं भिरकावली. वाळूवर लाल दाणे फुटले. आमारांतसला घाई नव्हती. त्याने व्हिबियसकडे पाहिलं आणि ओळखीच्या माणसाकडे पाहून हसावं तसा गालात हसला.

व्हिबियसने अंगठा वळवला: मारा.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग त्याच बारा हजार गळ्यांनी व्हिबियसला शिव्या घातल्या, आणि त्यांतलं एकही मत आता त्याला पडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुफियो व्हिबियसच्या घरी वसुलीला गेला. भांडायच्या तयारीनेच गेला होता. पण द्वारपालाने त्याला सरळ मागच्या बागेत नेलं, सावलीतल्या बाकावर बसवलं आणि पिशवी आणून दिली. रुफियोने नाणी मांडीवर ओतली.

"घर फार शांत आहे रे," तो मोजता मोजता म्हणाला.

"बाईसाहेबांना काल माहेरी पाठवलं. कायमचं." द्वारपालाने आवाज खाली आणला. "जाताना मलाच विचारत होत्या, कोण रे हा आमारांतस?"

रुफियोची बोटं थांबली. मग त्याने मोजणी पुरी केली. हजारांत एकही कमी नव्हता. नाण्यांवर वरच्या डाळिंबांची सावली हलत होती.