लेडीची उजवी बाजू

सलग चौथ्या बुधवारी म्हातारा दोरीखालून वाकून इंजिनामागे गेला. शेड सांभाळणाऱ्या नेरिसने अभिप्रायवहीच्या शेवटच्या पानावर वेळ टिपली: अकरा दहा. मागच्या खेपेला अकरा बारा.

लोक रेल्वे संग्रहालयाच्या या शेडमध्ये येतात, ‘लेडी मॉर्वेन’ या जुन्या इंजिनासमोर फोटो काढून घेतात, चहा-केक खातात, वाफेच्या गाडीने दरीतून एक फेरी मारतात आणि घरी जातात. लेडीची उजवी बाजू भिंतीकडे आहे. तिकडे कुणी जात नाही. दोरी त्यासाठीच होती.

डावीकडची नावाची पितळी पट्टी अस्सल होती. उजवीकडची लाकडाची, नेरिसच्या नवऱ्याने, ह्यूने, घरच्या गॅरेजमध्ये कोरलेली. तेवढंच असतं तर चाललं असतं. पण खरी लेडी १९६५ सालीच भंगारात कापली गेली होती. ह्यूने लिलावातून तिची एक पट्टी आणली आणि तिच्याच बनावटीच्या, गंजत पडलेल्या दुसऱ्या इंजिनावर ठोकली. त्या इंजिनाचं मूळ नाव लांबलचक. त्या नावाच्या पट्टीची भोकं लेडीच्या पट्टीच्या दोन्ही टोकांबाहेर उघडी पडली. ह्यूने पुट्टी भरून वर तीनदा हिरवा रंग दिला. हे सहा जणांना ठाऊक होतं. त्यांतले चार, ह्यू धरून, आता चॅपेलमागच्या मातीत आहेत आणि तोंड उघडायची शक्यता नाही. दारावरच्या फलकावर मात्र सोनेरी अक्षरं आहेत: ‘लेडीला भंगारातून वाचवणारे, ह्यू बेनन.’ नेरिस दर शनिवारी तो फलक पुसते.

“पट्टीचोर आहे,” तिकीटखिडकीतून गेथिन कुजबुजला. उरलेल्या दोघांतली एक नेरिस, दुसरा तो. “लोक मोटारीएवढी किंमत देतात असल्या पट्ट्यांना.”

“चोर डावीकडे जाईल. लाकडाची फळी कोण चोरतंय?”

“मग रेल्वेच्या मासिकाचा बातमीदार, मासिकवाला. कुणाचं तरी पितळ उघडं पाडल्याशिवाय जेवण जात नाही त्यांना.”

“मासिकवाला वर्षाचा पास काढेल? तोही ज्येष्ठांच्या सवलतीत?”

“मला काय विचारतेस? त्यालाच जाऊन विचार. ह्यू तुझा नवरा होता, माझा नव्हे.”

नेरिस दोरी ओलांडून गेली. म्हाताऱ्याने टोपी काखेत धरली होती. एका हातात मोजायची टेप. दुसऱ्या हाताचा अंगठा फळीच्या टोकाबाहेरच्या रंगावरून हळूहळू सरकत होता. एका जागी तो थांबला. थोडा मागे आला. पुन्हा तिथेच थांबला.  नेमकी पुट्टी भरलेली जागा.

“हरवलंय का हो काही, मिस्टर...?”

“प्रॉसर. एल्विन प्रॉसर.” त्याने टेप खिशात टाकली. “हरवलं नाही, बाई. मी हिला कापलंय.”

 समोरच्याला बोलू दिलं की तो किती पाण्यात आहे ते कळतं, असा नेरिसचा जन्माचा अनुभव होता.

“वीस वर्षांचा होतो. भंगारवाल्याकडे गॅसकटर चालवायचो. तीन दिवस लागले. आधी ड्रायव्हरची केबिन, चाकं सगळ्यात शेवटी. माझा बाप हिचा ड्रायव्हर. मरेपर्यंत त्याने माझ्या हातचा चहा घेतला नाही. पबमधली म्हातारी खोडं अजून मला लेडीचा खाटीक म्हणतात.” त्याने इंजिनाकडे मान वर करून पाहिलं. “आणि ही तर इथे उभी. धडधाकट. आता तुम्हीच सांगा, मी हिला कापलं की नाही?”

प्रश्न सापळ्यासारखा होता. नेरिसने मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. ‘हो’ म्हणावं, तर आठवड्याभरात दारावरच्या सोनेरी अक्षरांवर रंगाचा हात फिरणार. ‘नाही’ म्हणावं, तर उद्या हाच माणूस तिचे शब्द कुठेतरी छापून आणणार. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. मनगटापर्यंत ठिणग्यांचे जुने, पांढुरके ठिपके होते. तसले हात मासिकवाल्याचे नसतात. तरीही तिचा विश्वास बसेना.

“समोर उभी आहे ना?” ती अखेर म्हणाली. “मग कसली कापलीत?”

म्हाताऱ्याने मान डोलावली. मग टोपी घालून बाहेर पडला.

“गेला मासिकाला फोन करायला,” गेथिन म्हणाला. “आता बस फलक पुसत.”

दहा मिनिटांनी म्हातारा परत आला. मागे बाजारहाटाची चाकांची पिशवी, तिची चाकं भाराने फाकलेली. त्याने गेथिनला हाक मारली. दोघांनी मिळून आतलं घोंगडीत गुंडाळलेलं ओझं बाकावर ठेवलं. त्याने घोंगडी उलगडली. पितळेची पट्टी. ‘लेडी मॉर्वेन.’ एक कोपरा ज्योतीने काळा पडलेला.

“दोन होत्या. एक भंगारवाल्या मालकाने विकली. ही माझ्या पलंगाखाली होती. बायकोलाही कधी दाखवली नाही. लेडी जिवंत आहे म्हणता, तर तिची वस्तू तिच्याकडे असू दे.”

गेथिनने खिडकीत परतायला फारच घाई केली. नेरिसने काळ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. 

“मिस्टर प्रॉसर, खरं सांगायचं तर...”

“काही सांगू नका,” म्हाताऱ्याने घोंगडीची घडी घातली. “त्या फळीची भोकं हिला जुळायची नाहीत, चार बुधवार मोजतोय मी. नवी पाडून घ्या. आणि टोकांबाहेरची ती आधीच्या नावाची भोकं जरा नीट बुजवा, अंगठ्याला लागतात.”