हात न टेकता

"आजी, तुम्ही अजून किती वर्षं जगणार?"

हिंमत असेल तर विचार, असं मैत्रिणी म्हणाल्या होत्या. म्हणून शलाकाने बाजारातल्या ब्याऐंशी वर्षांच्या कासारीणआजींना हे विचारूनच टाकलं. मागच्या तिघींनी हसू दाबायला तोंडात ओढण्या कोंबल्या.

आजींनी शांतपणे तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या नातीला बांगड्या भरूनच जाईन म्हणते. पण तू तिथवर पोचतेस का, ते आधी बघू. बस मांडी घालून. आणि मग हात न टेकता ऊठ. ज्याला हे जमतं, तोच माझ्या वयाला पोचतो."

एवढंच? शाळेच्या कबड्डी संघाची कर्णधार होती ती. तिने ऐटीत मांडी घातली, जोर केला आणि शेजारच्या बटाट्यांच्या ढिगावर कलंडली. दुसऱ्यांदाही तेच. मैत्रिणी आता उघड खिदळत होत्या. कर्णधाराचा सगळा रुबाब बटाट्यांत मिळाला होता.

आजी मात्र बांगड्यांचा जड डबा दोन्ही हातांत धरून अलगद उठल्या. "गिऱ्हाईक आलं की बसायचं, माल काढायला उठायचं. साठ वर्षं हाच व्यायाम. तुम्ही जेवता कुठं गं?"

"डायनिंग टेबलावर."

"तरीच."

घरी आई टेबलावर वाढत होती आणि बाबा खुर्चीत रेलून पापडाची वाट बघत होते. शलाकाने तिन्ही ताटं उचलून फरशीवर मांडली.

"आजपासून आपण खाली बसून जेवायचं," तिने जाहीर केलं. "आणि उठताना ज्याचा हात जमिनीला लागेल, त्याने सगळ्यांची भांडी घासायची."