माझं गाजलेलं मौन

आमच्या जुन्या नाटक कंपनीचा इतिहास रंगमंचावर येणार म्हटल्यावर त्यात माझं गाजलेलं मौन हवंच होतं. शेवटच्या अंकात आईसमोर नुसता उभा राहून मी प्रेक्षकांना रडवायचो. समीक्षकांनी त्यावर रकानेच्या रकाने भरले, मीही शिबिरांतून भाषणं ठोकली.

परवाच्या प्रयोगात माझी भूमिका करणाऱ्या तरुण नटानं ते मौन हुबेहूब उचललं. विंगेत प्रॉम्प्टिंगला नेहमीप्रमाणे माझी बायको होती. मी पहिल्या रांगेत मिशीला पीळ देत बसलो होतो. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली.

बायकोची सवयीची कुजबूज थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचली, "अहो, विसरलात ना पुन्हा? 'आई, मी परत आलोय' म्हणा!"