मनोऱ्यातली सून

जुन्या दगडी मनोऱ्यात चिणलेली सून संध्याकाळी रडते, असं अख्खं गाव सांगायचं. भिंतीला भोक आहे, त्यातून वारा घुमतो, हे सांगून सांगून गवंड्याच्या तोंडाला फेस आला होता. अखेर मनोऱ्याच्या डागडुजीचं काम त्यालाच मिळालं आणि त्याने पहिल्या दिवशीच ते भोक चुन्याने बुजवून टाकलं. रडणं थांबलं, पण गाव दारात येऊन उभं राहिलं. “बिचारीचा श्वास कोंडलास!” “अहो, मेलेल्या बाईचा कसला श्वास!” ओरडत त्याने दार लावून घेतलं. आत आई म्हणाली, “ते भोक उघड रे.” “तूसुद्धा? वारा होता गं तो, वारा!” “ठाऊक आहे मला. पण तुझे बाबा गेल्यापासून मी त्या आवाजातच रडून घ्यायचे. तुला ऐकू जायचं नाही.” गवंडी पाठ फिरवून खिशातलीच छिन्नी बराच वेळ कोपऱ्यात शोधत राहिला.