परत करायची तार

हाताची थरथर थांबावी म्हणून एका आजोबांच्या मेंदूत तार बसवली होती. प्रयोग संपला आणि रुग्णालयाचा स्टोअरकीपर अडून बसला. तार जमा झालीच पाहिजे, नियम म्हणजे नियम!

"अहो, ती निघायची नाही," डॉक्टरबाई काकुळतीला आल्या. "आधीच्या गुळगुळीत तारांना मेंदूच्या पेशी धरतच नव्हत्या. म्हणून हिच्यावर डोळ्यांना न दिसणारा खडबडीतपणा कोरला. आता पेशींनी अशी मिठी मारलीय, की ओढली तर मेंदूच सोबत येईल."

"मग तार ज्यात आहे, ते सगळंच जमा करा."

दुसऱ्या दिवशी आजोबा टॉवेल-चष्मा घेऊन मुकाट हजर झाले. स्टोअरकीपरने त्यांना फळीवर बसवलं, सदऱ्याच्या गुंडीला क्रमांकाची चिठ्ठी बांधली. दुपारपर्यंत त्याचं त्यालाच कसंनुसं झालं. वस्तू उसनी देता येते, फक्त तपासून द्यायची, असाही एक नियम होता. त्याने वही पुढे सरकवली.

"करा सही, आजोबा. तुम्हीच घेऊन जा."

भरती होतानाची आजोबांची सही म्हणजे नुसती मुंग्यांची पळापळ होती. आज त्यांनी अख्खं नाव एका रेषेत लिहिलं.

स्टोअरकीपरने ते दोनदा वाचलं आणि खाली शेरा मारला, 'वस्तू चालू स्थितीत.'