काठीचं पुढचं टोक

"आबा, तुमचं पोट भरावं म्हणून या पोरीनं जन्मभर काठीच धरायची का?" मुक्ताबाईंनी विचारलं.

रावजीनं काळा चष्मा नीट केला. "ती गेल्यावर मला कोण नेणार, बाई?"

त्र्याण्णव साल. इंदापूरच्या एसटी स्टँडमागं पत्र्याच्या शेडमध्ये मुक्ताबाई उघड्यावरच्या पोरांचा वर्ग घेत. बाटल्या वेचणारी, शेंगदाणे विकणारी पोरं. शेडच्या दाराशी रावजी वाडगा घेऊन बसे. शेजारी आठ-नऊ वर्षांची नात, प्रतिक्षा. मेंढरं संपली, मुलगा-सून गेली, म्हणून म्हातारा बावड्याहून इथं आला होता. काठी मात्र मेंढरं हाकायचीच. पुढचं टोक नातीच्या हातात, मागचं त्याच्या. मेंढक्याची सवय, कायम मागनं चालायची. पायरी आली की काठी दोनदा हले, मग दोघं चढत.

पोरगी भलतीच हुशार. दाराशी बसून एकोणतिसाचा पाढा तोंडपाठ. बाईंची चप्पल वाजली की सगळ्यांच्या आधी म्हणे, "बाई आल्या." पाटी मात्र घेत नसे. "आबाला सोडून बसता येत न्हाय," म्हणे. बाईंचा जीव तुटायचा.

"शाळेत नाव घालते तिचं," बाई म्हणाल्या. "गेल्या साली इथलं पांगळं पोरगं उचलून नेलं. पुण्यात चौकात बसवलंय म्हणे भीक मागायला. अधू पोरं हुडकणारी ती माणसं अजून हिंडतात इथं. उद्या धडधाकटही नेतील."

रावजीची मूठ काठीवर आवळली. "म्हून तर सोडत न्हाय."

स्टँडवरचे चहावाले, हमाल सगळे बाईंच्याच बाजूचे. म्हातारा पक्का आपमतलबी, म्हणत. खोटं कशाला बोला, कुणालाही तसंच वाटलं असतं.

सोमवारी बाईंनी हिय्या केला. "प्रतिक्षा, शाळेत यायचंय ना?"

"व्हय. पन आबा..."

"आबांचं मी बघते." त्यांनी तिच्या बोटांतून काठी सोडवली.

रावजी उठला. भोवतीची माणसं बघत होती. तो परत खाली बसला.

"बाई, हात सोडू नका तिचा," एवढंच म्हणाला.

शाळा हायवेपलीकडं. रस्त्याच्या कडेला आल्यावर बाईंनी पोरीचा हात सोडून पिशवी खांद्याला अडकवली, छत्री सावरली, आणि रस्ता मोकळा बघून झपझप पलीकडं गेल्या. पोरगी मागं असेलच, हा हिशेब. वळून बघतात तर ती अजून तिथंच उभी.

"अगं, ये की लवकर."

पोरगी आवाजाच्या रोखानं सरळ निघाली. इकडं बघितलं नाही, तिकडं बघितलं नाही. सोलापूरकडून भरलेला ट्रक येत होता. बाईंचं "थांब" हॉर्नमध्ये बुडून गेलं.

तेवढ्यात स्टँडच्या फाटकातून रावजी धावत सुटला. हातात काठी नव्हती, डोळ्यांवर चष्मा नव्हता. जीपच्या पुढून, बैलगाडीला वळसा घालून तो नेमका पोरीपाशी पोचला आणि तिला कवेत घेऊन कडेला पडला. ट्रक घासून गेला.

बाई धावत परत आल्या. म्हातारा त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होता.

"आबा, तुम्हाला दिसतं?"

अख्खं स्टँड गोळा झालं होतं. त्यात कोण कोण होतं, देव जाणे. रावजीनं पोरीचं तोंड आपल्या छातीशी लपवलं.

"मला दिसतंय, बाई," तो म्हणाला. "हिला न्हाय."